एका आर्थिक वर्षात दोन पाडवे: बीआय कुठे संपतं आणि डेटा अ‍ॅनालिटिक्स कुठे सुरू होतं

गुढीपाडवा २०२२ मध्ये २ एप्रिलला होता, २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. या तारखा एप्रिल ते मार्च अशा आर्थिक वर्षांत मांडून बघा. २०२२-२३ मध्ये दोन पाडवे पडतात. २०२३-२४ मध्ये एकही नाही. २०२४-२५ मध्ये पुन्हा दोन. २०२५-२६ मध्ये एक. २०२६-२७ परत रिकामं, कारण त्यापुढचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला आहे.

आता महाराष्ट्रातल्या पाच शाखांच्या एखाद्या दुचाकी शोरूमचा डॅशबोर्ड, म्हणजे धंद्याचे आकडे एकत्र दाखवणारा पडदा, डोळ्यांसमोर आणा. समजा २०२३-२४ मध्ये ३,२९० गाड्या गेल्या आणि २०२४-२५ मध्ये ३,४८०. पडद्यावर हिरवा बाण येतो: वाढ ५.८ टक्के. हा आकडा चोख आहे. बिलांशी जुळतो, हिशेबनिसाच्या वहीशी जुळतो. त्यावरून मालक सहावी शाखा उघडायचं ठरवतो, आणि हा निर्णय चुकीचा असू शकतो, कारण एका वर्षात दोन मुहूर्त आहेत आणि दुसऱ्यात एकही नाही.

बिझनेस इंटेलिजन्स (बीआय) आणि डेटा अ‍ॅनालिटिक्स यांच्यातली सीमा मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसते. ‘किती गाड्या विकल्या?’ हा बीआयचा प्रश्न. त्याचं उत्तर आधी ठरलेल्या नियमाने काढायचं, रोज काढायचं आणि कोणीही विचारलं तरी तेच यायला हवं. ‘धंदा खरंच वाढला का, आणि वाढला असेल तर कशामुळे?’ हा अ‍ॅनालिटिक्सचा प्रश्न. त्याला ठरलेला नियम नसतो, तो शोधावा लागतो. उत्तर एका आकड्यात येत नाही, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं येतं, आणि त्यासोबत आपण काय गृहीत धरलंय तेही सांगावं लागतं.

बीआय म्हणजे मागे बघणं आणि अ‍ॅनालिटिक्स म्हणजे पुढे बघणं, ही व्याख्या सगळीकडे सापडते. ती मला पटत नाही. वरचा प्रश्न पूर्णपणे मागच्या दोन वर्षांचा आहे, तरीही तो अ‍ॅनालिटिक्सचाच. पॉवर बीआय किंवा टॅब्लो ही डॅशबोर्ड बनवायची सॉफ्टवेअर म्हणजे बीआय आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे अ‍ॅनालिटिक्स, हीही फसवी वाटणी. रोज सकाळी सात वाजता पायथनमधून निघणारा विक्रीचा तक्ता बीआयच आहे. एक्सेलमध्ये बसून पाडव्याचा परिणाम वेगळा काढणारा माणूस अ‍ॅनालिटिक्स करतोय.

दोन्हींचा उगमही वेगळा आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये ‘बिझनेस इंटेलिजन्स’ची कल्पना मांडली, ती संस्थेतल्या योग्य माणसापर्यंत योग्य कागद आपोआप पोहोचवण्याची होती. १९८९ च्या सुमारास हॉवर्ड ड्रेसनर यांनी हा शब्द आजच्या अर्थाने रुळवला. दुसरी परंपरा संख्याशास्त्रातली. जॉन ट्युकी यांनी १९६२ मध्ये डेटाच्या विश्लेषणाला स्वतंत्र शास्त्र मानावं असं आग्रहाने मांडलं, आणि त्यांचा सगळा भर डेटा उलगडून बघत आपल्याला अपेक्षित नसलेलं शोधण्यावर होता. एकीकडे पोहोचवणं, दुसरीकडे शोधणं. आजही दोन्ही कामांना लागणारा स्वभाव वेगळा असतो.

आधी बीआय, कारण तिथेच जास्त घसरायला होतं

दुचाकीच्या धंद्यात ‘विक्री’ची तारीख कोणती? बुकिंग झालं ती, बिल फाटलं ती, गाडीचं पासिंग झालं ती, की गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली दिली ती? चारही तारखा वेगळ्या असू शकतात. मुहूर्ताच्या दिवसांत तर त्या हमखास वेगळ्या असतात. पाडव्याला सकाळी गाडी घरी न्यायची असेल तर कर्जाचे कागद, विमा, रोड टॅक्स आणि पासिंग हे सगळं आधी उरकावं लागतं. म्हणून बिल तीन-चार दिवस, कधी आठवडाभर आधीचं असतं.

२०२२ च्या पाडव्याला याचा परिणाम थेट वर्षाच्या हिशेबावर झाला. पाडवा २ एप्रिलला, म्हणजे पुष्कळ बिलं मार्चअखेरची. बिलाच्या तारखेने मोजलं तर त्या पाडव्याचा बराचसा भाग २०२१-२२ मध्ये जातो, डिलिव्हरीच्या तारखेने मोजलं तर २०२२-२३ मध्ये. सेल्सचा माणूस डिलिव्हरी मोजतो, अकाउंट्सचा माणूस बिल मोजतो, आणि बैठकीत अर्धा तास ‘तुमचा आकडा चुकलाय’ यावरच जातो.

हा घोळ फक्त शोरूमच्या पातळीवरचा नाही. वाहन उत्पादकांची संघटना सियाम दर महिन्याला जे आकडे देते ते कंपनीने डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात. डीलरांची संघटना फाडा जे देते ते ‘वाहन’ या सरकारी प्रणालीतल्या नोंदणीवरून काढलेले असतात. सणाआधीच्या महिन्यात गोदामं भरली जातात तेव्हा पहिला आकडा फुगतो, दुसरा नंतर वाढतो. दोन्ही बरोबर आहेत, दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

त्यामुळे बीआयचं पहिलं काम कागदावरचं आहे. प्रत्येक मापाची व्याख्या लिहायची: नाव, कोणती तारीख, काय धरायचं, काय वगळायचं, कर धरून की वगळून, आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा. ‘विक्री, नग: डिलिव्हरीची तारीख, चासी नंबर एकदाच मोजायचा, रद्द बिलं वगळून, शाखांमधली हलवाहलव वगळून, सब-डीलरला दिलेल्या गाड्या वेगळ्या रकान्यात.’ इतकी साधी ओळ असली तरी चालते. पाच शाखांच्या धंद्याला अशी पंधरा-वीस मापं पुरतात. ऐंशी मापांचा डॅशबोर्ड कोणी वाचत नाही.

व्याख्या ठरल्या की डेटा आत आणायचा. बुकिंग आणि डिलिव्हरी बहुधा कंपनीने दिलेल्या डीलर मॅनेजमेंट सिस्टिममध्ये असते, पैसे टॅलीत, आणि चौकशीला आलेल्यांची यादी शाखेतल्या कोणाच्या तरी एक्सेलमध्ये. हे सगळं एका डेटाबेसमध्ये रोज रात्री ओतायचं. मूळ नोंदी जशा आल्या तशा एका जागी ठेवायच्या, त्यांना हात लावायचा नाही, आणि साफसफाई पुढच्या टप्प्यात करायची. म्हणजे चूक सापडली की पुन्हा मुळापासून चालवता येतं.

मांडणी मधोमध एक व्यवहारांची टेबल आणि भोवती तारीख, शाखा, मॉडेल, विक्रेता, गिऱ्हाईक अशा माहितीच्या टेबल, अशी करावी. व्यवहारांच्या टेबलमध्ये एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे पहिल्या दिवशी ठरवायचं. इथे एक ओळ म्हणजे एक गाडी.

हे ठरवलं नाही तर काय होतं? बिलाच्या मथळ्यावर एकूण रक्कम असते आणि खाली ओळी असतात: गाडी, हेल्मेट, सीट कव्हर, क्रॅश गार्ड. मथळ्याची टेबल ओळींच्या टेबलला जोडली की एकूण रक्कम प्रत्येक ओळीसमोर पुन्हा येते. ९२,००० रुपयांचं एक बिल चार ओळींमुळे ३,६८,००० चं होतं. गंमत म्हणजे गाड्यांची संख्या बरोबर दिसते, कारण ती चासी नंबरावरून मोजलेली असते. फक्त रक्कम फुगते, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. जिथे अ‍ॅक्सेसरीज जास्त विकल्या जातात ती शाखा उगाचच शेर ठरते.

दुसरी नेहमीची चूक विक्रेत्याच्या बदलीची. एखादी मुलगी जूनपर्यंत सातारा शाखेत होती आणि जुलैत कराडला गेली. विक्रेत्यांच्या टेबलमध्ये शाखेचं नाव पुसून नवं लिहिलं, तर तिने साताऱ्यात विकलेल्या जुन्या गाड्याही कराडच्या नावावर जातात. मागच्या वर्षीचे, मंजूर झालेले आकडे आपोआप बदलतात आणि कोणाला कळतही नाही. यावर उपाय जुना आहे: तिच्या दोन ओळी ठेवायच्या, प्रत्येकीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा तारखा द्यायच्या, आणि व्यवहार त्या काळातल्या ओळीला जोडायचा.

तारखांचे सापळे तर विचारू नका. ऑनलाइन बुकिंगच्या वेळा बऱ्याच सिस्टिम जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातली बुकिंगं न बदलता घेतली तर आदल्या दिवसात पडतात, आणि १ एप्रिलच्या पहाटेची बुकिंगं सरळ मागच्या आर्थिक वर्षात. पॉवर बीआयमध्ये वर्षारंभापासूनची बेरीज देणारं ‘टोटल वायटीडी’ फंक्शन वर्षअखेर ३१ डिसेंबर धरतं. ३१ मार्च हे आपण सांगावं लागतं. सांगायचं राहिलं तर एप्रिल ते डिसेंबर आकडे वाढत जातात, जानेवारीत धाडकन खाली येतात, आणि तोपर्यंत मधल्या प्रत्येक महिन्यात जानेवारी-मार्चची विक्री त्यात मिसळलेली असते.

कराचा मुद्दा गेल्या वर्षी फार जणांना भोवण्यासारखा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करपूर्व ७५,००० ची गाडी आधी ९६,००० ला जात होती, मग ८८,५०० ला. बिलाची एकूण रक्कम म्हणजे उलाढाल, असं ज्यांच्या डॅशबोर्डमध्ये लिहिलंय त्यांना तेवढ्याच गाड्या विकूनही ७.८ टक्के घट दिसणार. शोरूमच्या खिशात एक रुपयाही कमी आलेला नाही. उलाढाल नेहमी कर वगळूनच मोजावी, आणि ऑन-रोड किमतीतला विमा व रोड टॅक्स तर त्यात येऊच नये, तो आपला पैसाच नव्हे.

रद्द बिलांचं काय? मार्चच्या बिलाची क्रेडिट नोट एप्रिलमध्ये निघाली, तर मार्चचा आकडा मागे जाऊन बदलायचा की एप्रिलमधून वजा करायचा? दोन्ही पद्धती चालतात, पण एकच ठरवा. माझं मत: बंद झालेला महिना गोठवावा आणि दुरुस्ती चालू महिन्यात दाखवावी, नाहीतर आठवड्यापूर्वी छापलेला रिपोर्ट आज चुकीचा ठरतो.

बीआय बरोबर आहे की नाही हे तपासायची पद्धत ताळा जुळवण्याची. मासिक विवरण भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जातं. त्यातली करपात्र रक्कम, टॅलीतली विक्री आणि डॅशबोर्डवरची बिलाच्या तारखेची उलाढाल हे तीन आकडे समोरासमोर ठेवायचे. फरक शून्य हवा, किंवा प्रत्येक रुपयाचं कारण सांगता यायला हवं. ‘साधारण जुळतंय’ हे उत्तर बीआयमध्ये चालत नाही. एक टक्क्याच्या फरकामागे एक अख्खी शाखा दोन दिवस लोड न झाल्याचं लपलेलं असू शकतं.

मग पाडव्याचं काय करायचं?

पॉवर बीआयमधलं ‘सेम पिरियड लास्ट इयर’ तारखा बरोबर एक वर्ष मागे नेतं. ३० मार्च २०२५ ची तुलना ते ३० मार्च २०२४ शी करेल. त्याला पंचांग कळत नाही आणि कळण्याची अपेक्षाही नाही. हे काम विश्लेषकाचं.

पहिली पायरी, तारखेच्या टेबलमध्ये प्रत्येक दिवसासमोर ‘पाडव्यापासून किती दिवस’ हा रकाना. पाडव्याचा दिवस शून्य, आदला दिवस उणे एक, दुसरा दिवस अधिक एक. दसरा, अक्षय्य तृतीया आणि लक्ष्मीपूजन यांना स्वतंत्र रकाने, आणि दिवाळीच्या पाडव्याचं नाव वेगळं ठेवा, नाहीतर दोन पाडवे एकमेकांत मिसळतील. तारखा पंचांगातून हाताने भरायच्या. वर्षाला जेमतेम दहा नोंदी, त्यासाठी काही आपोआप करायची गरज नाही.

दुसरी पायरी, पाडवा नसता तर किती गाड्या गेल्या असत्या याचा अंदाज. त्यासाठी उणे ६३ ते उणे २२ हे सहा आठवडे घ्यायचे आणि प्रत्येक वाराचा मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढायचा. वार महत्त्वाचा, कारण रविवार आणि मंगळवार सारखे नसतात. सरासरीऐवजी मध्यक अशासाठी की एखादा असाधारण दिवस सगळं ओढून नेऊ नये. २०२५ च्या पाडव्यापासून उणे ६३ वा दिवस नेमका २६ जानेवारी येतो. प्रजासत्ताक दिनाच्या ऑफरची गर्दी त्या दिवशी असली तरी मध्यक फारसा हलत नाही.

तिसरी पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. मुहूर्ताला गर्दी होते ती अंशतः आजूबाजूच्या दिवसांमधूनच येते. लोक आधी थांबतात आणि नंतर बाजार थंडावतो. समजा रोजची अपेक्षा ९ गाड्यांची आहे. उणे २ ते अधिक २ या पाच दिवसांत ४५ अपेक्षित होत्या, डिलिव्हरी झाल्या १६०. म्हणजे ११५ जास्त. पण उणे २१ ते उणे ३ या एकोणीस दिवसांत १७१ अपेक्षित होत्या आणि गेल्या १५०. खड्डा २१ चा. अधिक ३ ते अधिक १६ या चौदा दिवसांत १२६ च्या जागी ११२, आणखी १४ कमी. पाडव्याने खरी भर घातली ती ११५ उणे ३५, म्हणजे ८० गाड्यांची. बाकीच्या ३५ नाहीतरी आल्याच असत्या, फक्त दिवस बदलला.

आता आर्थिक वर्षाची सीमा या खड्ड्यांमधून कशी जाते ते बघा. ९ एप्रिल २०२४ च्या आधीचा खड्डा १९ मार्चपासून सुरू होतो, म्हणजे त्याचा मोठा भाग २०२३-२४ च्या माथी. त्याच वर्षाच्या सुरुवातीला २२ मार्च २०२३ नंतरची मंदीही थोडी आहेच. उलट ३० मार्च २०२५ नंतरची मंदी २०२५-२६ मध्ये पडली. म्हणजे दोन्ही उसळ्या २०२४-२५ ला मिळाल्या आणि खड्ड्यांचा काही भाग शेजारच्या वर्षांना. आपल्या कल्पित शोरूमसाठी हे सगळं मांडलं तर दोन वर्षांमधला साधारण २०० गाड्यांचा फरक निव्वळ पंचांगाचा निघतो. डॅशबोर्डवरची वाढ होती १९० ची.

मग धंदा वाढलाच नाही का? इथे घाईने ‘नाही’ म्हणू नये. २०० हा अंदाज आहे, आणि तो मोजक्या पाडव्यांवरून काढलेला. त्यातले दोन मार्चअखेरीला चिकटलेले. मार्चअखेरीला कंपनीचं टार्गेट पूर्ण करायला बिलं फाडली जातात, म्हणून हे विश्लेषण डिलिव्हरीच्या तारखेवरच करायचं. २०२३ च्या पाडव्यानंतर लगेच, १ एप्रिलपासून, बीएस-६ चा दुसरा टप्पा लागू झाला. किमती वाढतील या अंदाजाने कोणी मार्चमध्ये घाई केली असेल, तर ती गर्दीही पाडव्याच्याच खात्यात मोजली जाते. म्हणून अहवालात लिहायचं ते असं: ‘पंचांगाचा भाग वजा केल्यावर वाढीचा पुरावा उरत नाही. अंदाजातली चूक धरली तर थोडी वाढ किंवा थोडी घट, दोन्ही शक्य आहेत. सहाव्या शाखेचा निर्णय या आकड्यावर घेऊ नये.’

मालकाला असं उत्तर आवडत नाही. पण ज्या विश्लेषणात अनिश्चितता लिहिलेली नाही, त्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

अनिश्चितता किती असते, याचा एक झटपट अंदाज प्रत्येकाला काढता यावा. एकेकट्या, स्वतंत्रपणे घडणाऱ्या गोष्टींच्या मोजणीत नैसर्गिक चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमूळाइतका असतो, प्रत्यक्षात थोडा जास्तच. रोज ९ गाड्या जात असतील तर एखाद्या दिवशी ६ आणि एखाद्या दिवशी १२ यात काहीही घडलेलं नसतं. महिन्याला २७० जात असतील तर चढउतार सोळा-सतराचा, म्हणजे सहा टक्के. दोन महिन्यांची तुलना करायची तर दोन्हींचा चढउतार एकत्र येतो आणि फरकातली हालचाल तेवीसपर्यंत जाते. २७० वरून २५५ झालं म्हणून डॅशबोर्ड लाल बाण दाखवतो, शाखा व्यवस्थापकाला फोन जातो, तो बिचारा काहीतरी कारण शोधून सांगतो, आणि पुढच्या महिन्यात आकडा आपोआप वर आला की त्या कारणावरचा उपाय लागू पडला असं सगळ्यांना वाटतं. या बाणांचा मला खरोखर राग आहे. बाण लावायचाच असेल तर फरक या पट्ट्याच्या बाहेर गेल्यावरच रंग बदलेल असं करा.

दोन कारणं एकाच पंधरवड्यात

अ‍ॅनालिटिक्स म्हणजे नेमकं काय, हे सप्टेंबर २०२५ इतकं क्वचितच कोणी शिकवेल. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होण्याचे संकेत मिळाले, ३ सप्टेंबरला परिषदेने दर जाहीर केले, लागू झाले २२ ला. मधले ८ ते २१ सप्टेंबर हे दिवस म्हणजे पितृपंधरवडा. २२ ला घटस्थापना. विक्री पडली ती पितृपंधरवड्यामुळे, की गाडी स्वस्त व्हायची वाट बघत लोक थांबले म्हणून? डॅशबोर्ड फक्त पडलेला आकडा दाखवेल. कितीही फिल्टर लावले तरी त्यातून कारण निघणार नाही, कारण दोन्ही कारणं त्याच तारखांवर बसलेली आहेत.

यातून वाट काढायला असा गट लागतो ज्याला एक कारण लागू आहे आणि दुसरं नाही. इलेक्ट्रिक दुचाकींवर जीएसटी आधीही ५ टक्के होता आणि नंतरही ५ टक्केच राहिला. पितृपंधरवडा मात्र दोन्हींना सारखाच. समजा त्या दोन आठवड्यांत पेट्रोल गाड्या अपेक्षेच्या ४५ टक्क्यांवर आल्या आणि इलेक्ट्रिक ७५ टक्क्यांवर. मग पितृपंधरवड्याचा वाटा पंचवीस टक्के धरता येतो आणि उरलेले तीस दरकपातीची वाट बघण्याचे.

हे इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. आधी तपासायला हवं की पितृपंधरवडा दोन्ही गटांना खरंच सारखा लागतो का. त्यासाठी २०२४ चे १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर आणि २०२३ मधला १४ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्येने संपलेला पंधरवडा बघायचा. तेव्हा दोन्ही गट सारखेच पडले असतील तर तुलना टिकते. इलेक्ट्रिक घेणारा नोकरदार, शहरी गिऱ्हाईक मुहूर्त कमी पाळत असेल तर टिकत नाही. दुसरी अडचण: पेट्रोल स्वस्त होणार म्हटल्यावर इलेक्ट्रिकचा विचार करणाराही थांबतो, म्हणजे हा गट दरकपातीपासून पूर्ण अलिप्त नाही. त्यामुळे तीस हा आकडा कदाचित कमीच निघालेला असेल. तिसरी: एका शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाड्या दोन आठवड्यांत वीसच जात असतील, तर वरचा वर्गमूळाचा नियम सांगतो की चढउतारच चार-पाच गाड्यांचा, वीस-पंचवीस टक्क्यांचा. पाचही शाखा एकत्र केल्याशिवाय काही बोलू नये. ३५० सीसीवरच्या गाड्या बाजूला काढायच्या, कारण त्या ४० टक्क्यांच्या दरात गेल्या आणि त्यांची घाई उलट २१ तारखेच्या आधी होती.

४ ते ७ सप्टेंबर हे चार दिवस इथे मोलाचे आहेत. दर जाहीर झाले होते आणि पितृपंधरवडा सुरू व्हायचा होता. गणपतीची धामधूम त्यात आहे, ६ तारखेला अनंत चतुर्दशी होती, तरी दोन कारणं वेगळी दिसण्याची तेवढीच जागा.

असं विश्लेषण बरोबर आहे का हे ताळा जुळवून कळत नाही. टॅलीत ‘वाट बघण्यामुळे कमी झालेली विक्री’ असं खातं नसतं. त्याची परीक्षा अंदाजाने होते. तीस टक्के गिऱ्हाइकं खरंच दरासाठी थांबली असतील तर २२ सप्टेंबरनंतर ती परत यायला हवीत, आणि पेट्रोलमध्ये इलेक्ट्रिकपेक्षा ठळकपणे यायला हवीत. आली नाहीत, तर समजूत चुकली. हा अंदाज आधी तारखेसह लिहून ठेवायचा. नंतर लिहिला तर त्याची किंमत राहत नाही.

गल्लत झाली की काय होतं

एक गल्लत विश्लेषणाचा प्रश्न बीआयमध्ये ढकलल्याने होते. एकदाच विचारलेल्या प्रश्नासाठी डॅशबोर्ड बांधला जातो, त्याला रोजचं रिफ्रेश, म्हणजे आकडे ताजे करणं, लावलं जातं, तीन महिन्यांनी तो कोणी उघडत नाही, पण सांभाळावा लागतो. पॉवर बीआयच्या प्रो लायसन्सवर एका डेटा मॉडेलला दिवसाला आठच ठरलेली रिफ्रेश मिळतात. असे मेलेले रिपोर्ट साठत गेले की रात्रीची वेळही अपुरी पडते. गेल्या नव्वद दिवसांत न उघडलेला रिपोर्ट मालकाला विचारून बंद करावा.

उलटी गल्लत जास्त धोक्याची. विश्लेषकाने एका कामासाठी केलेलं एक्सेल कोणाला तरी आवडतं आणि दर महिन्याला मागितलं जातं. त्यात हाताने गाळलेल्या नोंदी असतात, त्या महिन्यापुरते योग्य असलेले अपवाद असतात, आणि ते सगळं विश्लेषकाच्या डोक्यात असतं. तो नोकरी सोडतो आणि फाइल मात्र फिरत राहते. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातली डेटाची फाइल, त्याहून मोठी झाली की उरलेल्या ओळी दिसतच नाहीत. उघडताना एक सूचना येते, तीही घाईत मिटवली जाते. तिसऱ्यांदा तोच तक्ता मागितला गेला की तो बीआयमध्ये न्यायचा: व्याख्या लिहायची, ताळा लावायचा, जबाबदारी कोणाची ते ठरवायचं.

पाडव्याचं काम तसंच पुढे सरकवता येतं. एकदा परिणाम मोजून झाला की ‘पाडव्यापासून किती दिवस’ हा रकाना तारखेच्या टेबलमध्ये कायमचा ठेवा आणि डॅशबोर्डवर नेहमीच्या वाढीशेजारी ‘सण जुळवून वाढ’ असं दुसरं माप द्या. आता तोही बीआयचा भाग झाला. मात्र ८० गाड्यांचा जो अंदाज आहे तो डॅशबोर्डमध्ये खिळा ठोकल्यासारखा बसवू नका. दर पाडव्यानंतर विश्लेषकाने तो पुन्हा काढावा आणि तारखेसह बदलावा.

पहिला माणूस कोणता घ्यायचा, असं बरेचजण विचारतात. पाच शाखांच्या धंद्याला आधी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) नीट येणारा आणि हिशेबनिसाशी न कंटाळता बोलणारा बीआयचा माणूस हवा. मुलाखतीत त्याला दोन टेबल द्या, एका बिलाला चार ओळी असलेल्या, आणि एकूण उलाढाल काढायला सांगा. तो उत्तर देण्याआधी ‘एक ओळ म्हणजे काय?’ असं विचारतो का, तेवढं बघा. विश्लेषक नंतर घेतला तरी चालतो, सुरुवातीला प्रत्येक प्रश्नापुरता बाहेरूनही मिळतो. त्याला दोन वर्षांचा महिनावार आलेख द्या आणि वाढ का झाली असं विचारा. पहिल्याच मिनिटात कारण सांगणाऱ्याला घेऊ नका. जो तारखा मागतो, व्याख्या मागतो आणि त्या महिन्यांत बाजारात आणखी काय काय घडलं हे विचारतो, त्याच्याशी पगाराचं बोला.